जेवलास का बे? तिन्नावा? ऊटा आय्ता?

'का बे, तिन्नावा?'

'हौ. तू?'

'अजून नाय. यायलो. थांब.'

साखर पेठेतल्या दोन मित्रांचा हा संध्याकाळचा संवाद. मोबाईलवर तो रोमन अक्षरांत आहे, आणि त्यातली निम्मी अक्षरं गळालेली आहेत. 'का बे' ही सोलापूरची मराठी. 'तिन्नावा' म्हणजे 'जेवलास का', ही घरातली तेलुगू. 'हौ' ही दखनी, शेजारच्या गल्लीतून आलेली. 'यायलो' पुन्हा मराठी, पण पाठ्यपुस्तकात न सापडणारी. हा सगळा मजकूर टाइप करायला दोघांना मिळून अर्धा मिनिटही लागलेलं नाही. यातलं एकही वाक्य कुठल्याही शाळेच्या फळ्यावर कधी लिहिलं गेलेलं नसेल.

पोरांच्या मेसेजमधल्या या भाषेवर आपल्याकडे बोललं जातं ते बहुतेक तक्रारीच्या सुरात. मराठी बिघडली, लेखन संपलं, पोरांना धड चार ओळी लिहिता येत नाहीत, असं. मी काही महिने सोलापुरात कॉलेजच्या कट्ट्यांवर, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांत, पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यांच्या दारात पोरापोरींशी बोलत होतो. त्यांनी आपणहून दाखवले तेवढेच मेसेज पाहिले, आणि इथं नाव कुणाचंच देत नाही. रोमन अक्षरं जिथं सांगायची आहेत तिथं त्यांची नावं लिहिली आहेत. या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालं. या मोडक्यातोडक्या दिसणाऱ्या लेखनानं सोलापूरच्या घराघरांतली भाषा पहिल्यांदाच कागदावर, म्हणजे काचेवर, उतरवली आहे. शाळेला आणि छापखान्याला हे जमलेलं नव्हतं.

पण आधी अक्षरं गळाली कशी, ते पाहायला हवं. त्याचं कारण आळस हे नाही.

१९८५ च्या सुमारास फ्रीडहेल्म हिलेब्रांट नावाचा जर्मन अभियंता बॉनमध्ये टाइपरायटरवर वाक्यं लिहून त्यातली अक्षरं मोजत बसला होता. मोबाईल फोनवरून छोटा मजकूर पाठवायचा तर किती अक्षरं पुरतील, हे त्याला ठरवायचं होतं. उत्तर आलं १६०. पुढं ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थ या तरुण ब्रिटिश अभियंत्यानं जगातला पहिला एसएमएस पाठवला, नाताळच्या शुभेच्छांचा. आपल्या देशात मोबाईल सेवा आली ३१ जुलै १९९५ ला, आणि सोलापूरच्या कॉलेजकुमाराच्या खिशात फोन यायला आणखी आठ-दहा वर्षं गेली.

हे १६० अक्षरांचं माप फोनच्या ठरलेल्या अक्षर-तक्त्यातल्या रोमन अक्षरांसाठी होतं. मेसेजमध्ये देवनागरीचं एक जरी अक्षर आलं तरी सगळा मेसेज दुसऱ्या पद्धतीनं बांधला जाई, आणि मर्यादा उतरे ७० वर. त्यातही काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडण्याची खूण हे सगळं सुटं सुटं मोजलं जातं. 'शुभेच्छा' हा शब्द आपल्याला तीन-चार अक्षरांचा वाटतो, यंत्राच्या हिशेबी तो आठांचा. 'दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा' एवढं लिहिलं की सत्तरातली सत्तावीस घरं भरली. पुढं नाव, गाव, दोन प्रेमाचे शब्द लिहायचे तर दुसऱ्या मेसेजचे पैसे. शिवाय समोरच्याच्या फोनला देवनागरी येत नसेल तर त्याला नुसते चौकोन दिसणार. ज्या पोराच्या फोनमध्ये दहा रुपयांचं रिचार्ज आहे, त्यानं मराठी रोमनमध्ये लिहिली यात त्याचं चुकलं कुठं? लिपी त्याच्या हातून सुटली ती त्या तक्त्यामुळं.

हाच तक्ता स्पॅनिश बोलणाऱ्या पोरांनाही आडवा आला होता, हे आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नसतं. स्पॅनिशमध्ये काही स्वरांच्या डोक्यावर तिरकी रेघ येते. तक्त्यात 'ई' या अक्षरावरची रेघ होती, पण 'ए', 'आय', 'ओ', 'यू' यांच्यावरची नव्हती. यांतलं एक जरी रेघेसकट टाइप केलं की १६० चे ७० झाले. मग माद्रिदपासून मेक्सिकोपर्यंत पोरांनी रेघा टाकून दिल्या. रेघांपाठोपाठ स्वर गेले आणि आकडे आले. 'सालूदोस' म्हणजे नमस्कार-शुभेच्छा, आणि त्यातला 'दोस' म्हणजे दोन, म्हणून 'सालू' पुढं २ चा आकडा. 'सिएम्प्रे' म्हणजे नेहमी, आणि 'सिएन' म्हणजे शंभर, म्हणून १०० च्या पुढं 'प्रे'. गुणाकाराच्या फुलीला ते 'पोर' म्हणतात, म्हणून 'पोर्के', म्हणजे 'का' किंवा 'कारण', हा शब्द फुली आणि क्यू अशा दोन अक्षरांत आटपतो. 'ते किएरो मूचो', म्हणजे 'तू मला खूप आवडतोस', हे टी-क्यू-एम होतं.

सोलापूरच्या पोरानं यातलं काहीच पाहिलेलं नव्हतं. तरी त्यानं ८ चा आकडा घेतला आणि पुढं 'वण' जोडलं. '८वण येते' हा मेसेज ज्यांनी २००५ ते २०१२ या काळात कॉलेज केलं त्यांना समजावून सांगावा लागत नाही. '१टा', '१दा', '१दम', 'भेटू २घं' ही त्याचीच भावंडं. एकमेकांची भाषा न ऐकलेल्या दोन खंडांतल्या पोरांनी एकाच अडचणीतून एकच वाट काढली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

बटणांचा फोनही आठवून पाहा. नोकिया ११०० हा २००३ साली आला, आणि जगात त्याचे २५ कोटींहून जास्त नग विकले गेले. त्याच्या एकेका बटणावर तीन-चार अक्षरं असत. 'कुठे' हा शब्द रोमनमध्ये पूर्ण लिहायचा तर के साठी दोन दाब, यू साठी दोन, टी साठी एक, एच साठी दोन, ई साठी दोन, असे एकूण नऊ. एच गाळला की सात. नुसतं के-टी लिहिलं की तीन. वर्गात बाकाखाली हात ठेवून, पडद्याकडे न पाहता मेसेज करणाऱ्याला तीन आणि नऊ यांतला फरक मोठा असतो. 'झालं' मधल्या 'झ' ची गंमत वेगळीच. 'जे-एच' लिहायला तीन दाब, आणि 'झेड' ला चार. तरी पोरांनी झेड उचलला, कारण १६० च्या हिशेबात तो एकच मोजला जातो. काटकसर बोटांची करायची की घरांची, हे त्यांनी नकळत ठरवून टाकलं, आणि आज घरं मोजायची गरज संपली तरी झेड तसाच राहिला आहे.

दिवाळीचा आणि या हिशेबाचा एक कडू संबंधही होता. महिन्याचं मेसेज पॅक मारलेलं असलं तरी दिवाळी, नववर्ष अशा दिवशी ते चालत नसे. कंपन्या हे दिवस आधीच 'ब्लॅकआउट डे' म्हणून जाहीर करत, आणि त्या दिवशी प्रत्येक मेसेजला पूर्ण दर लागे. म्हणून पोरं धनत्रयोदशीच्या आधीच शुभेच्छा पाठवून मोकळी होत. २०११ साली दूरसंचार नियामक प्राधिकरणानं जाहिरातबाजीला आळा घालायला दिवसाला १०० मेसेजची मर्यादा घातली, ती लगेच २०० वर नेली. तेव्हा 'आजचे मेसेज संपले' हे भांडणानंतर गप्प राहण्याचं खरंखुरं कारण होतं. सगळ्यात स्वस्त निरोप अर्थातच मिस्ड कॉल. एक रिंग वाजली की 'निघालो', दोन वाजल्या की 'खाली ये'. त्यात अक्षर एकही नव्हतं आणि खर्चही नव्हता.

आता मराठी बिघडवल्याचा आरोप. आपली भाषा पत्रांत किती आखडती लिहिली जायची, हे आपण विसरलो आहोत. आजोबांची पोस्टकार्डं काढून बघा. 'चि.', 'सौ.', 'ती.', 'गं. भा.', 'सा. न. वि. वि.', 'अ. उ. आ.', 'ता. क.', 'मु. पो.', आणि शेवटी 'क. लो. अ.'. पत्राच्या डोक्यापासून पायापर्यंत शब्दांची पहिली अक्षरं तेवढी उभी आहेत. 'सा. न. वि. वि.' मध्ये साष्टांग नमस्कार आणि विनंती दोन्ही घातली, आणि पोस्टकार्डाची उरलेली जागा बाजारभाव नि बाळंतपणाच्या बातमीसाठी ठेवली. आपल्या गावांच्या नावापुढचे 'बु.' आणि 'खु.' हे बुद्रुक आणि खुर्द आता इतके मुरले आहेत की एसटीच्या पाटीवर पूर्ण शब्द दिसला तर डोळा अडतो.

त्याच्याही मागं गेलं तर मोडी. कारकुनाचा बोरू न उचलता ओळ पूर्ण व्हावी म्हणून शब्दांत अंतर नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा पाळलेला नाही. परगण्यासाठी, कसब्यासाठी एक अक्षर आणि पुढं दोन दंड. तिथीच्या आधी 'छ' हे एकच अक्षर, चंद्राच्या दिवसाची खूण म्हणून. वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापायला सुरुवात केली, तेव्हा हे संक्षेप उलगडणं हेच एक मोठं काम होतं. ती पत्रं लिहिणाऱ्यांना मराठी येत नव्हती असं आजवर कुणी म्हटलेलं नाही. घोडेस्वार दारात उभा आहे आणि कारकुनाला पत्र संपवायचं आहे, एवढंच त्यामागचं कारण.

तारखात्यानं तर वाक्यांनाच नंबर देऊन टाकले होते. शुभेच्छांच्या तारेसाठी ठरलेली वाक्यं असत. १ नंबर म्हणजे दिवाळीच्या शुभेच्छा, ८ नंबर म्हणजे दीर्घ आणि सुखी वैवाहिक जीवनासाठी शुभेच्छा. लग्नघरात पोस्टमननं आणून दिलेलं ते छापील वाक्य पलीकडच्या टोकाला कुणीतरी एका आकड्यात पाठवलेलं असे. जुलै २०१३ मध्ये तार बंद झाली, तोवर आकड्यांचं काम पोरांच्या हाती गेलेलं होतं.

थोडक्यात लिहिणं हे नवं नाही, आणि त्यानं मराठी मेली नाही. सोलापुरात नवं काय घडलं, ते पाहायला पूर्व भागात जायला हवं.

२०११ च्या जनगणनेत साडेनऊ लाखांची वस्ती असलेलं हे शहर. १८७७ साली इथं पहिली कापड गिरणी उभी राहिली, तीच पुढं जुनी मिल म्हणून ओळखली गेली. गिरण्यांच्या आणि मागांच्या कामाला तेलंगणातून पद्मशाली विणकरांची कुटुंबं आली, ती इथलीच झाली. सोलापुरी चादर त्यांच्या हातची. शहराच्या दुसऱ्या अंगाला कन्नड बोलणारी लिंगायत कुटुंबं. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात वचनं लिहिली ती कन्नडमध्येच. आणि मोहल्ल्यांतली दखनी, 'नक्को' आणि 'हौ' वाली. महापालिकेच्या शाळा मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू अशा चार माध्यमांत चालत आल्या आहेत. केंद्र सरकारनं तेलुगू आणि कन्नडला २००८ साली अभिजात भाषेचा दर्जा दिला, मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी. म्हणजे अशोक चौकाच्या आसपास एखाद्या चहाच्या गाड्यावर उभं राहिलं तर तीन अभिजात भाषा कानावर पडतात.

पण कानावर पडतात एवढंच. पूर्व भागातल्या बहुतेक घरांनी मुलं मराठी माध्यमात घातली, आता इंग्रजीत घालतात. त्यांची तेलुगू आईच्या तोंडून आलेली. ती अस्खलित आहे, तीत मराठी शब्द मिसळले आहेत, पण त्या गोल अक्षरांचा त्यांना गंधही नाही. आई विड्या वळते, आजी विड्या वळायची. आजीला कुठलीच लिपी येत नव्हती. आईला मराठी पाटी जेमतेम वाचता येते. मुलाला मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिहिता येतात, तेलुगू मात्र लिहिता येत नाही. तीन पिढ्या एका भाषेत हसल्या, भांडल्या, रडल्या, आणि त्यातलं एक अक्षर त्या घरात कधी लिहिलं गेलं नाही.

मग रोमन लिपीचा फोन आला. त्यात तेलुगूसाठी वेगळी लिपी शिकावी लागत नव्हती. 'वस्तुन्ना', म्हणजे 'येतोय', हा शब्द एका पोरानं व्ही-एस-टी-एन असा लिहिला आणि समोरच्याला तो कळला. ही अक्षरं कुणी ठरवून दिलेली नाहीत. हैदराबादचा विद्यार्थी तोच शब्द कदाचित वेगळा लिहील. पूर्व भागातल्या पोरांनी आपसांत, चुकत-सुधारत, घरच्या भाषेचं लेखन स्वतः घडवलं.

एका घरातली पद्धत मी जवळून पाहिली. थोरला मुलगा पुण्यात नोकरीला. आई त्याला बोलून निरोप पाठवते, तेलुगूत, सूप मांडीवर ठेवून आणि हातातली विडी न थांबवता. मुलगा कामावर असतो, त्याला आवाज लावता येत नाही, म्हणून तो उत्तर टाइप करतो, रोमन अक्षरांतली तेलुगू, स्वर गाळलेली. आईला ते वाचता येत नाही. धाकटी बहीण वाचून दाखवते. वाचताना ती गळालेले स्वर भरते, वर 'अक्का'ला विचारलंय, 'नान्ना'ला सांगितलंय असे स्वतःचे दोन शब्दही घालते. निरोप आवाजातून अक्षरात गेला, अक्षरातून पुन्हा आवाजात आला. पाच अक्षरांचं ते उत्तर आईपर्यंत पोचलं तेव्हा चांगलं लांबलचक झालेलं होतं. हे पाहिल्यावर कुणी संक्षेपाला भाषेचा ऱ्हास म्हणाला तर मी मान डोलावणार नाही.

कन्नड घरांतही हेच आहे. 'ऊटा आय्ता' म्हणजे 'जेवण झालं का'. मराठी माध्यमात शिकलेली मुलगी अक्कलकोटच्या मावसबहिणीला ते रोमनमध्ये लिहून पाठवते. मावसबहीण कन्नड माध्यमात शिकली तर तिला कन्नड अक्षरंही येतात, पण या बहिणीसाठी ती रोमनवर उतरते. दखनीचं तर विचारूच नका. उर्दूच्या शाळेत शिकवली जाते ती लखनौच्या वळणाची उर्दू. 'कायकू', 'नक्को', 'हौ' हे तिथं चुकीचं मानलं जातं. मेसेजमध्ये ते ताठ मानेनं बसलेलं आहे.

आणि मराठी? सोलापूरची मराठी हीसुद्धा अशीच बिनलिखित भाषा होती, हे मला या पोरांनीच दाखवून दिलं. 'काय करायलास?', 'जायलो', 'यायलो', 'चल की', 'कशाला बे', 'काय मालक'. आमच्या शहराबाहेर पडलं की या बोलण्यावर लोक हसतात. 'करायलो' हे 'करायला लागलो' याचंच घासून झालेलं रूप आहे. उत्तर कर्नाटकातल्या कन्नडमध्येही 'करायला लागणं' असंच घासून 'माडाकत्ति' होतं. दोन भाषा शेजारी नांदल्या आणि दोघींनी एकाच जागी शब्द आखडते घेतले. मेसेज येण्याच्या कितीतरी आधी आमच्या जिभेनं हा संक्षेप केलेला होता. पण शाळेच्या निबंधात 'करायलो' लिहिलं की लाल शाई, आणि वर्तमानपत्रात ते कधी छापलं गेलंच तर विनोदी सदरात. गंभीरपणे, भांडताना, प्रेमात, पैसे मागताना 'यायलो' हा शब्द लिहिला गेला तो पहिल्यांदा मोबाईलवर.

इथं एक नवा धोका आहे आणि तो मला जुन्या सगळ्या धोक्यांपेक्षा मोठा वाटतो. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, इंटरनेट स्वस्त झालं, फोनना देवनागरी सहज यायला लागली. आता रोमनमध्ये टाइप केलं की देवनागरी उमटते, नुसतं बोललं तरी उमटते. हे चांगलंच झालं. पण कीबोर्डाच्या वरच्या पट्टीत जे शब्द सुचवले जातात ते प्रमाण मराठीचे. 'यायलो' लिहू लागलं की पट्टीत अनेकदा 'यायला' येतं, 'येतोय' येतं, आणि बोट तिकडं जातं. मास्तरांची लाल शाई निदान आठवड्यातून एकदा यायची. ही पट्टी प्रत्येक शब्दाला हजर असते, आणि ती दटावत नाही म्हणून तिचा राग येत नाही. अभ्यासिकेतल्या एका मुलीनं याला उपाय केला आहे. ती मैत्रिणींशी बोलताना मुद्दाम रोमन ठेवते, कारण तिथं फोन तिला 'करतेस' लिहायला लावत नाही, 'करायलीस' राहू देतो.

रोमनमध्ये हरवतं काय, हेही नीट सांगायला हवं. मुख्य म्हणजे 'ळ' हरवतो. के-ए-एल म्हणजे काल, काळ, कळ की कल? व्ही-ई-एल म्हणजे वेळ की वेल? पी-ए-एन म्हणजे पण की पान? संदर्भानं कळतं हे खरं, आणि 'व्ही-ई-एल नाही' याचा अर्थ वेल नाही असा कुणी घेत नाही. पण रोज लिहिताना जो भेद डोळ्याला दिसत नाही तो हळूहळू कानालाही कमी ऐकू येतो, अशी भीती मला वाटते. शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांच्या तोंडी 'शाला' आणि 'बाल' ऐकलं की ती भीती वाढते. सोलापूरची गोष्ट थोडी वेगळी आहे, कारण तेलुगूत आणि कन्नडमध्ये 'ळ' ठणठणीत आहे. आमच्या पोरांच्या तोंडून तो सहजासहजी जाणार नाही. पण मेसेजमधून तो आताच गेलेला आहे.

या अडचणीवर तोडगा मात्र चारशे वर्षांपूर्वीच निघालेला आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटानं लिहिलेलं 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोल इथं छापलं गेलं. भाषा मराठी, लिपी रोमन. देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते, म्हणून ओव्या रोमन अक्षरांत उतरवाव्या लागल्या. कारण तांत्रिकच होतं, आपल्या ७० अक्षरांसारखं. पण त्या मिशनऱ्यांनी मराठी-कोकणीचे उच्चार टाकून दिले नाहीत. ण, ळ, ड यांच्यासाठी रोमन अक्षरं जोडीनं लिहायची रीत त्यांनी बसवली. गोव्यातली रोमी कोंकणी आजही 'ण' साठी दोन एन आणि 'ळ' साठी दोन एल लिहिते. तियात्र या तिथल्या नाटकांच्या फलकांवर ते दिसतं. आपल्या पोरांना हे कुणी सांगितलेलंच नाही. 'काळ' लिहिताना एक एल जास्त टाकला तर हल्लीच्या फोनवर कुणाचा पैसाही जादा जात नाही. रोमन वापरू नका असं ओरडण्यापेक्षा एखाद्या शिक्षकानं वर्गात हे पाच मिनिटांत सांगितलं तर मुलं उत्साहानं उचलतील. मी ज्यांना सांगितलं त्यांनी तिथल्या तिथं एकमेकांना दोन एलचे मेसेज करून पाहिले.

शिक्षकांचा राग मात्र मी हलका लेखणार नाही. उत्तरपत्रिकेत 'आणि' च्या जागी अधिकाचं चिन्ह येतं, 'मग' चा 'एमजी' होतो, विरामचिन्हं नाहीशी होतात. पण इंग्लंडात हीच ओरड झाली तेव्हा डेव्हिड क्रिस्टल या भाषावैज्ञानिकानं २००८ साली त्यावर पुस्तकच लिहिलं. मेसेजमधल्या शब्दांपैकी आखडलेले शब्द दहा टक्क्यांपेक्षाही कमी असतात, आणि जी मुलं भरपूर मेसेज करतात त्यांचं स्पेलिंग बिघडल्याचं दिसत नाही, असं त्यांनी दाखवलं. शब्द आखडायचा तर तो पूर्ण कसा आहे हे आधी ठाऊक असावं लागतं. सोलापूरच्या अभ्यासिकांत हे डोळ्यांनी दिसतं. दिवसभर शुद्धलेखनाच्या पुस्तकातले ऱ्हस्व-दीर्घ घोकणारा मुलगा रात्री 'के-वाय के-आर-एल-एस', म्हणजे 'काय करायलास', लिहितो आणि दोन्हींची सरमिसळ होऊ देत नाही.

शुद्धलेखनही काही आभाळातून पडलेलं नाही. मराठी साहित्य महामंडळाचे १४ नियम १९६२ साली मान्य झाले, १९७२ मध्ये आणखी चार आले. त्याआधी 'कांहीं', 'नाहीं' असं अनुस्वारांसह न लिहिणारा अशिक्षित ठरायचा. ते अनुस्वार गेले तेव्हाही मराठी बुडाली असं म्हणणारे होते.

मला पोरांकडून कळलेली सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे लिपी बदलण्याची त्यांची शिस्त. मित्राशी रोमन. पण मित्राचे वडील गेले की तेच बोट देवनागरीकडे वळतं आणि 'भावपूर्ण श्रद्धांजली' पूर्ण लिहिलं जातं. मोठ्यांच्या ग्रुपवर 'भा. पू. श्र.' दिसतं ते बहुधा पन्नाशीच्या पुढच्यांचं. पोरांना ते खटकतं, आणि मीही त्यांच्याच बाजूचा आहे. काकांचा वाढदिवस, 'जय शिवराय', सिद्धेश्वर यात्रेच्या शुभेच्छा, पहिल्या पगाराची बातमी हे देवनागरीत. भांडण रोमनमध्ये, माफी बहुतेक वेळा देवनागरीत. हे नियम कुणी शिकवलेले नाहीत, तरी मोडले तर लगेच कळतं. एखादी मुलगी एकदम देवनागरीत, पूर्ण वाक्यात, शेवटी पूर्णविराम देऊन 'ठीक आहे.' असं लिहिते तेव्हा समोरचा समजून चुकतो की काहीही ठीक नाही. नुसता 'के' आला तर त्याहून वाईट. आणि सगळं छान असेल तर शब्द उलट लांबतात. 'हो' च्या पुढं ओ वर ओ, 'बर' च्या पुढं आर वर आर. १६० ची मर्यादा उठल्यावर पोरांनी वाचवलेली जागा लाड करायला वापरली.

हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी पुण्याला निघालेल्या पोरांच्या फोनवर हा सगळा ऐवज असतो. पुण्यात ऑफिसच्या ग्रुपवर ती 'येतोय' लिहितात, गावच्या ग्रुपवर 'यायलो'. दोन-चार वर्षांनी काहींच्या गावच्या ग्रुपवरही 'येतोय' यायला लागतं. फोन बदलतो, जुने मेसेज जातात. आता तर चोवीस तासांत आपोआप पुसले जाणारे मेसेजही आहेत. पूर्व भागातली पहिलीवहिली लिहिलेली तेलुगू, अक्कलकोट रस्त्यावरची कन्नड, मोहल्ल्यातली दखनी आणि आमची 'करायलो' मराठी, असं सगळं रोज लिहिलं जातं आणि रोज नाहीसं होतं.

राजवाडे दप्तरं शोधत गावोगाव पायपीट करत होते. सोलापूरला २००४ पासून स्वतःचं विद्यापीठ आहे, आता पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांच्या नावाचं, आणि ते एकाच जिल्ह्यापुरतं असल्यामुळं हे काम त्याच्या आवाक्यातलं आहे. ज्यांची देण्याची इच्छा असेल त्या विद्यार्थ्यांकडून, नावं आणि नंबर काढून टाकून, मेसेज घ्यावेत. शेजारी देवनागरीत उच्चार लिहावा, घर कुठल्या भागातलं, आई कुठली भाषा बोलते, शाळा कुठल्या माध्यमाची, एवढं टिपून ठेवावं. तेलुगू आणि कन्नड वाचणारे लोक शहरातच आहेत. सुरुवात येत्या संक्रांतीला गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वरच्या, यात्रेपासून करता येईल. त्या दिवसांत हरवलेल्या मित्रांना शोधणारे, पाळण्यापाशी बोलावणारे, पैसे संपल्याचं सांगणारे मेसेज चारही भाषांत हजारोंनी लिहिले जातात, आणि ते दाखवायला पोरांना संकोचही वाटत नाही.